आठ मागांची शेड

मे महिन्यात, भर दुपारी,
गोळीबार चौकातल्या माझ्या दुकानात
गोकुळाबाई सोनकुसरे आल्या, डोक्याला दुपट्टा बांधून.
मोबाइल ओंजळीत धरलेला,
पंख्याला आपटलेलं पाखरू धरावं तसा.
"पाहा बरं, हे मरून राह्यलं."

पडद्यावर त्यांच्या साड्या नव्हत्या.
पांढऱ्यावर एकच ओळ: मुदत संपली.

साइट हेमराजनं केलेली,
हैदराबादची नोकरी लागायच्या आधी.
पासवर्ड सुताच्या बिलामागं लिहून गेला होता,
आता फोन उचलत नाही, म्हणतो मीटिंग आहे.

"पोट्ट्यानं पैसे भरले होते ना?"
"नावाचे भरले, बाई. जागेचे राहिले."
"नाव आहे अन् जागा नाही?"
"पाटी आहे दारावरची. मागं दारच नाही."

मी वहीचं पान फाडून एक चौकोन काढला.
तुमचे फोटो, भाव, फोन नंबर, सगळं
दूर कुठंतरी, कुणाच्या तरी मशीनमध्ये असतं.
कुणी मागितलं की ते पाठवतं,
रात्री तीनलाही.
"झोपत नाही?"
"झोपलं की तुमचं दुकान बंद."
"तापत असन मग."
"तापतं ना. कूलर लागतो.
त्याला बाराही महिने मे."
त्यांनी माझ्या कूलरकडं पाहिलं,
उठल्या, आणि कोपऱ्यातली बादली त्यात ओतली.

मी सुरू केलं, स्वस्तात मिळते ती सामाईक जागा, म्हणजे एकाच मशीनवर अनेक...
"थांब. आमच्या सासऱ्याची शेड.
एक मोटर, वर एक दांडा, पट्ट्यांवर आठ माग.
एकानं जास्त ओढलं का बाकीचे मंद."
मी पेन खाली ठेवलं.

दुसरीला व्हीपीएस म्हणतात
हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं.
त्यांना तेवढंही नाही:
"शेड तेच. मधात पार्टिशन, मीटर ज्याचं त्याचं."
आणि अख्खं मशीनच एकाला दिलं तर?
"ते शेठ लोकायचं काम. कोणाची कटकट नाही,
पण मोटर जळली त झोप त्याचीच जाते."

क्लाउडपाशी मात्र अडल्या.
दाराबाहेर पाहिलं. आभाळ पांढरंफटक,
ढगाचा पत्ता नाही.
म्हटलं, हा वरचा ढग नाही, बाई.
काम खूप मशीनांवर पसरलेलं असतं,
एक बसलं की दुसरं उचलतं,
जेवढं वापरलं तेवढं बिल.

बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या,
"वीस घरी वाटलेलं काम.
पाचपावलीत कोणाकडं मयत झाली
त तांडापेठेत कोणी तोच पदर पुरा करे.
गिऱ्हाइकाले जोड दिसे नाही.
ज्या साली आमच्या घरी झाली,
माझा पदर परातेबाईनं विणला.
मले दिसते तो जोड. अजून."

कूलर घरघरत राहिला.

"रोज किती लोक पाहतात आमचं?"
मी जुना हिशोब काढला. "अकरा. रविवारी चौदा."
त्या हसल्या, दुपट्ट्यानं घाम पुसला.
"अकरा लोकांसाठी अख्खी शेड घेऊन नाचू काय?
आठ मागायचंच दे."
वर्षाचे पैसे फोनवरूनच भरले,
हेमराजला न विचारता.
नवा पासवर्ड टाकताना मला म्हणाल्या,
"तिकडं पाह्य."

दिवेलागणीला पान पुन्हा उघडून पाहिलं.
चाक गोल फिरत राहिलं, फिरतच राहिलं.
मी ओशाळून म्हणालो, कधीकधी होतं असं.
"फिरू दे," त्या म्हणाल्या,
"शेजाऱ्याकडं लग्नाची ऑर्डर असन."

आणि वरून खाली, एकेक ओळ,
जांभळा काठ उतरायला लागला.