अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

रावपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानावर माझा क्लास.
संध्याकाळी सहा ते आठ.
फळ्यावर डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ,
मधे बरोबरचं चिन्ह,
जणू उधारीचा हिशोब.

पीस ऑफ केक बरोबर अगदी सोपं.
डाव्या हातचा मळ, मी म्हणते,
आणि मागच्या बाकावरच्या भरुचच्या पोरांसाठी
डाबा हाथनो खेल.
केक कुणी खात नाही, मळ कुणी दाखवत नाही,
कळतं मात्र सगळ्यांना.

मगरीच्या अश्रूंशी गाडी अडली.
कारेलीबागेतला कृपेश उभा राहिला.
मॅडम, पुरात आमच्या पार्किंगमध्ये आलेली मगर,
ॲक्टिवाच्या मागे, दोन तास.
रडत नव्हती.
खोटं खोटंसुद्धा नाही.
पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखी पडून होती.
विश्वामित्रीच्या काठी
हे कसं शिकवायचं?
मी खडू बदलला, पुढचा घेतला.

पुढचा किक द बकेट. बरोबर मरणे.
वर्ग हसला.
निमिषा रणवरेनं वहीच्या कडेला
एक बादली काढली, कडीसकट.
रात्रपाळी उरकून, दिवसभर अर्धवट झोपून यायची ती,
हवे होते सात बॅन्ड, साडेसहावर अडायची.

परवा तिचा फोन आला, लीड्सहून.
म्हाताऱ्या माणसांच्या होममध्ये नोकरी.
नऊ नंबरच्या खोलीतल्या बाई पहाटे गेल्या.
मुलगी धावत आली, कोट ओला,
आणि निमिषानं तिच्या हातात
माझ्या फळ्यावरचं वाक्य ठेवलं.
काळ अचूक, कर्ता अचूक:
युअर मदर किक्ड द बकेट.

"ती काहीच बोलली नाही, मॅडम.
ओरडली असती तर बरं."

मी गप्प.
उजवीकडे मी नुसतं 'मरणे' लिहिलं होतं.
कुणापुढे म्हणायचं, कुणापुढे गिळायचं,
त्याला रकानाच नव्हता.
आणि मी तरी कुठल्या घरची?
जिथे दिवा विझवत नाहीत, शांत करतात,
जिथे बांगडी फुटत नाही, वाढते,
जिथे आजोबा वारले तेव्हा
तारेत लिहिलं होतं, प्रकृती गंभीर, निघा.

"मग काय केलंस?"
"सॉरी म्हटलं, चार वेळा.
मग दोघींनी चादर काढली.
आईच्या स्वेटरची घडी तिला जमेना,
बाह्या सारख्या निसटायच्या.
मी घातली.
त्यात काही बोलावं लागलं नाही."

काल फळ्यावर तिसरी रेघ मारली.
फळा अरुंद, रकाना खिडकीच्या चौकटीवर गेला.
वर लिहिलं, कुणापुढे?
किक द बकेटसमोर लिहिलं, मित्रांत. ज्याचं कुणी गेलं
त्याच्यापुढे कधीच नाही.
एवढ्यात खाली चष्मेवाल्याचं शटर खडखडलं.
कृपेश म्हणाला, दुकान बंद झालं, मॅडम,
आपणही सुटायचं?
बंद नाही रे, मी म्हटलं, वाढवलं.

तो लगेच लिहू लागला.
डावीकडे वाढवणे, मग बरोबरचं चिन्ह,
आणि पेन तसंच वर धरून
माझ्याकडे बघत राहिला.