स्थळपाहणी

कोर्टानं नेमलेले घोरमाडे साहेब
वरुडाहून मोटारसायकलवर आले.
पिशवीतून यंत्र काढलं,
भिंतीवर लाल ठिपका मारला
आणि विचारलं, बांधकाम कोणत्या साली?

लग्नाच्या दुसऱ्या, मी म्हटलं.
हा म्हणाला, त्याच्याही आधीचं. जुनंच हाय.

नमुना आठवर दोघांची नावं.
घर तो ठेवणार, अर्धी किंमत मला देणार.
म्हणून आज घर त्याला स्वस्त पाहिजे
अन् मला महाग.

तर हा साहेबांना हाताला धरून सैपाकखोलीत नेतो,
टिनांकडे बोट करतो:
"हे पाहा, इथं गयते. अन् इथं बी.
चुलीवर तं धारच लागते."

अकरा पावसाळे मी हेच सांगत होते.
एका हातात चुलीवर परात धरून
दुसऱ्या हातानं भाकरी उलटवत होते,
तेव्हा हा खाटेवरून म्हणे,
"कुठी गयते? तुह्या डोक्यात गयते."

आज त्याला एकेक भोक तोंडपाठ.
न्हाणीचा उतार उलटा.
मागचं दार फुगते.
परसातल्या नऊ संत्र्यांपैकी चारांना डिंक्या,
बोर्डोचा पट्टा नखानं खरवडून दाखवला,
तो पट्टा माझ्या हातचा.
अन् ओट्याची तिसरी पायरी हलते.

तिच्यावरूनच मी पडले होते, सहाव्या महिन्यात.
तेव्हा ती हलत नव्हती.
तेव्हा माझंच ध्यान नव्हतं.

साहेब लिहीत गेले. घसारा, म्हणाले, टक्क्यांत.

मग माझी पाळी.
भुयारकर वकीलबाईंनी बजावलं होतं, उणं बोलायचं नाही.
"नाही साहेब," मी म्हटलं, "गळत नाही."
हे वाक्य मला येतं हे मलाच ठाऊक नव्हतं.
अगदी त्याच्याच चालीत आलं, खाटेवरून आल्यासारखं.
तो माझ्याकडे बघतच राहिला.

"आणि पायरी पक्की आहे," म्हणून
मी तिच्यावर उभी राहून दाखवली,
टाचा रोवून,
श्वाससुद्धा बेतानं घेत.

हजर होतो म्हणून दोघांच्या सह्या.
त्याच्याजवळ पेन नव्हता, माझा घेतला,
परत देताना टोपण लावून दिलं.

साहेबांनी पाणी प्यायलं, वही मिटली,
यंत्र पिशवीत टाकलं,
उतरताना तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला,
आणि आम्ही दोघं एकदमच ओरडलो,
"जपून!"

साहेब थांबले.
वही पुन्हा उघडली.