पाऊणपट

फाटकाशी वही. नाव, वेळ, येण्याचं कारण.
कारणात मी दर मंगळवारी लिहिते : गणित.
शेट्येमामा माझी पिशवी उपसतात –
डबा, छत्री, खडू, दुधाचं बिल,
आणि चार कर्कटकं, मोजून.
टोकदार वस्तू. जाताना चार परत.

निरीक्षणगृहाच्या मागे रत्नागिरीची खाडी.
वर्गातून दिसत नाही. सुकती लागली
की चिखलाचा वास तेवढा आत येतो,
त्याची नोंद कुठल्या वहीत होत नाही.

मुलगे अकरा. दहावीला चौघे.
सतरा नंबरच्या फॉर्मवर पत्ता काय लिहायचा
यावर ऑफिसात दोन बैठका झाल्या.

चौघांतल्या एकाचं नाव
कायद्याने मला सांगता येत नाही.
देवगडाकडचा. तेराव्या वर्षी ट्रॉलरवर खलाशी,
पुढचं फायलीत आहे. ती मी उघडलेली नाही.
आठ गुणिले तीन छेद चार
त्याच्या वहीत तीन आठवडे पडून होतं.
खोडून खोडून कागदाला भोक.
कंटाळून म्हटलं, बरं, आठाची पाऊणपट कर.

मान वर आली.
"अष्टमीक सा वाजता भरती," तो म्हणाला.
"चतुर्थीक तीन. द्वादशीक नऊ.
तिथीची पाऊणपट. आज्यान शिकवल्यान.
ह्या गणित काय?"

हे गणित, मी म्हटलं, आणि
फळ्यावरचे छेद पुसून तिथ्या लिहिल्या.
त्या दिवशी अकराही जणांनी
न दिसणारं पाणी अमावास्येपर्यंत मोजलं.
पंधराला सव्वाअकरा आले
तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी शीळ घातली,
मी ऐकलीच नाही.

पुढच्या मंगळवारी वर्तुळं.
निघताना मोजली. तीन.
पुन्हा मोजली. तीन.

अकराही भिंतीकडे तोंड करून.
खिसे उलटे, चपला काढलेल्या,
गाद्यांचा कापूस व्हरांड्यात.
चाळीस मिनिटं.
मी खुर्चीवर बसून होते. कुणीतरी पाणी आणून दिलं, ते प्याले.
आणि तीन भरल्याबरोबर, अगदी आधी,
मी बघितलं होतं ते त्याच्याकडे.
त्याने ते बघितलं होतं.

रात्री घरी छत्री वाळत घालायला उघडली.
दोन काड्यांच्या बेचक्यात
चौथं.

नंतरच्या मंगळवारी फाटकाशी
येण्याचं कारण : चूक झाली, ती सांगायला.
शेट्येमामांनी चष्मा वर केला.
"इथे गणितच लिहा बाई. साहेब तपासतात."
मी खोडलं नाही.

वर्गात उभी राहून सांगितलं.
छत्री उघडून दाखवली, कुठे, कशी.
कुणी हसलं नाही.
माफ केलं असंही कुणी म्हणालं नाही,
एकाने खिडकीकडे बघत विचारलं
गाद्या शिवून कधी मिळणार.
ते मला माहीत नव्हतं.

मग त्याने वही पुढे सरकवली.
मागच्या खेपेचं वर्तुळ,
शिट्टी झाली तिथे थांबलेलं,
पाव भाग उघडा.
मी कर्कटक पुढे केलं. त्याने घेतलं,
बोट फिरवून कागदावर केंद्र शोधलं.
"टोकाचा भोक अजून आसा," म्हणाला,
माझ्याकडे न बघता.
"थयसूनच घेतंय."