एकशे दोन टक्के

दोनशे तेरा पाकिटं होती.
जीभ लावून चिकटवली मी. ओला स्पंज असायचा टेबलावर,
आवराआवरीत तोही कुणीतरी नेला.
संध्याकाळपर्यंत तोंडात डिंकाची गोडसर चव,
रात्री सूपमध्येही तीच.

मजकूर सगळ्यांना एकच, नाव तेवढं वेगळं:
तुमची नोकरी संपली आहे. विमा संपलेला नाही.
हवा असल्यास साठ दिवसांत कळवा.
हप्ता आता पूर्ण तुमचा, कंपनीचा वाटाही तुमचा,
वर दोन टक्के, हिशेब ठेवण्याचे.

शंभरावर दोन.
एकवीस वर्षं या कागदगिरणीची पगारपत्रकं केली,
शंभरावर दोन मला कधी कुणी दिले नाहीत.

आद्याक्षरं जुळवली की कायद्याचं नाव कोब्रा होतं.
मेनमध्ये विषारी साप नाही, एकही नाही,
शाळेत नन आम्हाला अभिमानानं सांगायच्या.
टपालानं येतो, हे त्यांना तरी कुठं माहीत.

ऑरेल पेल्तिये आला तिसाव्या दिवशी.
फायली मिटवायला मला रोजावर ठेवलं होतं,
हीटर बंद, अंगात कोट.
तीन नंबरच्या मशीनवर चौतीस वर्षं काढलेला माणूस,
उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून आखूड.
पत्र काढलं, वाचलं नाही, खिडकीशी धरलं,
अंगठ्यानं चोळलं. म्हणाला, "आपला नाही हा कागद.
लगदा नीट शिजलेला नाही. दहा वर्षांत पिवळा पडेल."
मी म्हटलं, दहा वर्षं कोण जपून ठेवतंय, ऑरेल.
हसला. हसता हसता खोकला आला,
तो बराच वेळ थांबेना.

फॉर्म दोन.
दवाखान्याचा: नवराबायकोचे मिळून महिना अठराशे सत्तर डॉलर.
आयुर्विम्याचा: दोनशे सहा. एकतीस दिवसांच्या आत भरला
तर तब्येतीबद्दल एकही प्रश्न नाही.
"एकही नाही?"
एकही नाही.
"छातीचा फोटो?"
मी पेन पुढं केलं.

सही करून म्हणाला,
"जगायचा विमा परवडत नाही, थेरेझ. मरायचा ठेवतो.
क्लोडेटला छप्पर बदलायचंय."
जाताना दार हलकेच लोटलं.
आदळल्याशिवाय ते दार त्यानं कधी लावलं नव्हतं.
थांब, दुसऱ्या फॉर्मचे तीस दिवस अजून आहेत, म्हणाले मी,
पण तोवर समोर फक्त गाडीचे मागचे दिवे होते.

दोनशे तेरावं पाकीट माझं.
टपालवाला लिओनेल म्हणाला, अक्षर तुमचंच दिसतंय की.
हो म्हटलं. खाली सहीही माझीच आहे.
फ्रिजवर लावलंय, लॉबस्टरच्या चुंबकाखाली, न उघडता.

आणि गावाला कळायचं ते कळलंच:
साठ दिवसांत काही झालं, तर मागच्या तारखेपासून हप्ते भरून
विमा उठवता येतो. नाहीच झालं काही, तर पैसे वाचले.
म्हणून गाव सध्या काही होऊ देत नाही.
फेब्रुवारी आहे. छपरावरचा बर्फ कुणी उतरवत नाही.
अर्मांनं यांत्रिक करवत तळघरात नेऊन ठेवली.
पोरांना गोठलेल्या तळ्यावर बंदी.
चर्चच्या पायऱ्यांवर राख टाकलेली,
आणि कठड्याला धरून चढतात जवान गडीसुद्धा.
कसं काय विचारलं, तर आकडा सांगतात:
एकोणचाळीस.

काल स्वयंपाकघरातला दिवा गेला.
स्टूल ओढलं, त्यावर एक पाय ठेवला,
आणि उतरले.
अंधारातच भांडी घासली, कोमट पाण्यात.
सुरीला हात लावला
सगळ्यात शेवटी.