पेव

नेमगोंडा म्हणाले, घे वापर,
महापुरानंतर त्यात कुणी हळद उतरवली नाही.
हरिपूरच्या रस्त्याला, चिंचेच्या मागं,
तोंडावर दगड, दगडावर माती,
आत पंधरा हात काळोख
आणि भिंतींना अजून पिवळी पूड.
बिअर म्हटल्यावर ते दचकले नाहीत.
मी वाससुद्धा घेणार नाही, म्हणाले,
पण ठेवायचीच तर नीट ठेव.
ठेवणं त्यांना कळतं.

चोवीस बाटल्या.
सातू मीच भिजवले, मोड आणले, गच्चीवर वाळवले.
शेजारीण म्हणाली, सातूचं पीठ करताय का?
हो म्हटलं.
हॉप्स कुरिअरनं आले, गूळ मार्केट यार्डातला.
तीन आठवडे कोपऱ्यातलं पिंप
रात्रभर बोलायचं, बुडुक, बुडुक,
ते गप्प झालं तेव्हा मी बुचं दाबली.
मार्गशीर्ष होता.

सिद्राम यार्डातला जुना हमाल.
पेवात उतरण्याआधी दोरीनं कंदील सोडतो.
ज्योत जगली तर माणूस.
"हळद नुसती पडून ऱ्हात न्हाई आत, श्वास घेती,
आपल्या वाटचा बी घेती."
आता कुठाय हळद, मी म्हटलं.
"नसंना का."

पहिली बाटली पंधराव्या दिवशी.
सिद्राम थुंकला. "लिंबाचा पाला उकळलाय काय?"
मला लागली कच्च्या पेरूची साल,
ओल्या पिठाचा वास,
आणि कडूपणा असा
की न विचारता सल्ला देणारा पाहुणा.

मग आठवड्याला एक, मग दोन.
वहीत लिहायचो:
फेस बरा. पेरू गेला. कडू तसंच.
कडू जरा मागं सरकलं. गूळ कुठं गेला?
आज सिद्राम काही बोलला नाही.
शिमग्यापर्यंत अठरा.
अठरा बाटल्या आम्ही
झाली का, झाली का, असं विचारण्यातच संपवल्या.

चैत्रात मला कावीळ झाली.
पेवाची हळद लागली तुला, नेमगोंडा हसले.
डॉक्टर हसले नाहीत. सहा महिने थेंब नाही.
बाटल्या तिथंच राहिल्या,
कुणीच त्यांना काही विचारलं नाही.

भाद्रपदात कृष्णा चढायला लागली.
आयर्विन पुलाचा आकडा लोक
क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारत होते.
आम्ही दगड सरकवला, कंदील सोडला,
सात हातांवर विझला.
परत पेटवला. परत विझला.
सिद्राम ओलं पोतं दोरीला बांधून
खालीवर, खालीवर हलवत राहिला,
तास, दीड तास,
आणि चिंचेपलीकडं पाण्याचा आवाज.
मग ज्योत टिकली.

पाच शाबूत. एक आतच फुटलेली.
तिचा वास पोत्याच्या वाऱ्यानं वर आला होता
आणि नेमगोंडा तोंडाशीच उभे होते.
त्यांनी उपरणं नाकाला लावलं,
जरा उशिरा.
"बेदाणा?" म्हणाले.
मग तीन पावलं मागं जाऊन, नदीकडं बघत,
"किती दिस झाले?"
नऊ महिने.
"हळदीला आम्ही दोन वर्षं देतो."

सिद्रामनं एक उघडली.
प्याला आणि दोरी गुंडाळायला लागला,
अर्धी गुंडाळून थांबला.
"ही तीच का?"

माझा अजून एक महिना बाकी होता.
एक घोट घेतला, डॉक्टरांना सांगू नका.
गूळ सापडला, पण गोड नव्हता आता,
चुलाणाच्या धुरासारखा, लांबचा.
तासगावची वाळत घातलेली द्राक्षं होती,
भाजलेल्या कणसाची कड होती.
कडूही होतं. कडू गेलं नव्हतंच.
तो पाहुणा आता ओसरीच्या टोकाला बसला होता,
निघताना एवढंच म्हणाला, येतो.

पाणी उतरल्यावर उरलेल्यांतली एक
मी परत खाली ठेवली.
सिद्रामनं दगड लावला, वर माती ओढली, थापली.
वहीत काही लिहिलं नाही.