शून्य गुणांची ओळ

शनिवार, पहाटेचे साडेपाच.
लोकमान्यनगरच्या नाक्यावर पोह्यांची पहिली वाफ,
आणि घड्याळात, म्हणजे जगाच्या घड्याळात,
शून्य शून्य शून्य शून्य.
तेव्हापासून बसले आहे.

तार चाळीस मीटर. गच्ची माझी जेमतेम अकरा.
म्हणून ती बोरगावकरांच्या टाकीवरून
पाहवांच्या जिन्याच्या टपापर्यंत जाते,
आणि भाडं म्हणून दर दिवाळीला
दोन्ही घरी लवंगेची शेव जाते.
"भाभीजी, इसपे कौनसे चैनल आते?"
पाहवा अजून विचारतात.

संध्याकाळभर काही ऐकू आलं नाही.
मागच्या मॅरेज गार्डनात कुणाचंतरी लग्न,
झाडाझाडावर दिव्यांच्या माळा,
आणि माझ्या हेडफोनात त्यांचा करकराट,
कानाशी कुणी कुरमुरे चावत बसल्यासारखा.
वऱ्हाड जेवलं. नवरी रडली असेल.
सव्वा वाजता कुणीतरी मेन स्विच पाडला
आणि अख्खा युरोप
एकदम खोलीत आला.

मग काय विचारता.
बल्गेरिया, क्रोएशिया, दोन फिनलंड, एक सायप्रस,
पाच नऊ नऊ, पाच नऊ नऊ.
कण्हणाराही पाच नऊ नऊ, गरजणाराही.
स्पर्धेत सगळ्यांची तब्येत उत्तम असते.
तासाला चौऱ्याण्णव.
मोर्स संगणक ठोकतो, मी फक्त कॉलसाइन पकडते.
भाचा म्हणतो, मावशी, तेही कशाला?
त्याच्या पडद्यावर निळा धबधबा उतरतो,
पंधरा सेकंद यंत्र बोलतं, पंधरा सेकंद ऐकतं,
गोंगाटाच्या तळातून
उणे एकवीसचा जपानी उचलून आणतं,
तोवर श्रीरंग मॅगी खातो.
मी हसत नाही त्याला.
मीही करते ते, एरवी, गुरुवारी वगैरे.

दोन वाजून दहा. लॉगमध्ये अजून शनिवारच.
इटालियनांच्या गर्दीखालून
कुणीतरी पायरी पायरीनं चढतंय.
व्ही. मग यू. मग थांबला. तीन.
आपलाच.
देशातल्या देशात गुण शून्य,
आणि भारत तर या पट्ट्यावर कालच मिळालेला.
थांबले तर दर पडणार, जागा जाणार.

पोतनीस काकांची पितळी की
टेबलावरच होती, पेपरवेट म्हणून.
वायर जोडली.
सियागंजच्या तारघरात होते ते,
असे ठोकायचे की चहावाला दारात थबकायचा,
आणि मला शिकवताना
दोन अक्षरांच्या मध्ये
एक सुपारी कातरून व्हावी एवढा वेळ सोडायचे.

मी तेवढाच सोडला.
पुन्हा पाठव. पुन्हा.
आम्ही नऊला एन म्हणून उरकतो,
त्यानं नऊ पुरा दिला, चार रेघा, एक टिंब,
आणि मग दुसराही पुरा.
मग स्पर्धेत कुणी सांगत नाही तेही सांगितलं:
नाव दुर्गेश. गाव खरगोन.
फक्त कॉलसाइनचं शेवटचं अक्षर,
तीन टिंबं की चार? एस की एच?
हात गारठला असेल, नाहीतर घाबरला.
दोनदा विचारलं.
एकदा तीन आली, एकदा चार.

तोवर माझ्या जागेवर एक इटालियन
सतरंजी अंथरून बसला होता.

शोधलं तर सापडेल, यादी असते.
शोधायचं नाही. ऐकलं ते लिहायचं,
आणि स्पर्धा संपल्यावरही हात लावायचा नाही.
काका खोलीत खोडरबर ठेवू देत नसत.
मी एच लिहिला.
तपासणीत ओळ लाल झाली तर होवो,
शून्यातून काय कापायचं ते कापोत.

निरोपाला त्यानं दोन टिंबं दिली,
बरोब्बर एकसारखी.
कुणीतरी नीट शिकवलंय.
मी दोन दिली.
त्यानं पुन्हा दोन.
थांबायचं कुणी, हे मात्र राहून गेलं असावं शिकवायचं.
असं चार वेळा झालं.

दोन वाजून एकोणीस.
पडद्याच्या कोपऱ्यात दर: तासाला साडेसहा.