उंची

मार्च लागला की बाबा घराची जमीन वर घेतात.
फळ्या उखडतात, हातभर उंच पुन्हा ठोकतात,
आणि काल जिथं झोपलो होतो
तिथं पुरुस नदी येऊन पसरते.
कोंबड्या ओंडक्यांच्या तराफ्यावर,
कुत्रा चुलीपाशी,
कसाव्याच्या पिठाचं पोतं आढ्याला.

एप्रिलात आणखी हातभर.
आता ओझियासचं डोकं पत्र्याला लागतं.
"मी मोठा झालो," शाळेच्या होडीत
तो ज्याला त्याला सांगतो.
मी वल्हं थांबवत नाही.

फुटबॉलच्या मैदानावरून जाताना
गोलचा आडवा बांबू त्याच्या हाताला येतो,
एरवी उडी मारूनही न गवसणारा.
खालून मासे बिनबोभाट गोल करतात.
पलीकडे, बुडालेल्या रानात,
तांबाकी रबराच्या बिया फोडतोय :
कट्. कट्.

जुलैत पाणी गेलं, फळ्या खाली आल्या.
भिंतीवर गाळाची रेघ, आईच्या खांद्याएवढी.
ओझियास पत्र्याकडे बघत राहिला,
मग टाचा उंचावल्या,
मग खुर्ची आणली.

मी त्याला दाराच्या खांबापाशी उभं केलं,
डोक्यावर सुरी आडवी धरून खूण केली.
गेल्या सालच्या खुणेपेक्षा
बोटभर वर.

"एवढंच?" तो म्हणाला.